नांगर न टाकता

इंजिन बंद पडलं तेव्हा मी परदेशात होते.

तशी फार लांब नव्हते. पाठीमागे आमच्या जमिनीचं, बर्चच्या झाडांचं टोक दिसत होतं, समोर त्यांचं हेरॉन बेट, काळ्या पाइनचं. मधल्या सरोवराच्या पाण्यावर सरहद्दीची रेघ कुठे असते? बगळा मिनेसोटातून उडतो, ओंटारिओत उतरतो, त्याला कोणी अडवत नाही. मला मात्र रेघ कुठे आहे ते झोपेतही सांगता आलं असतं. आमच्या अँगलमध्ये, कॅनडात घुसलेल्या अमेरिकेच्या या तुकड्यावर, वाढलेल्या पोरीला चालायच्या आधी ते कळतं.

पलीकडच्या पाण्यात मासे धरायला आम्हांला मनाई नाही. त्यांचा परवाना काढायचा, खिशात ठेवायचा आणि तीन गोष्टी सांभाळायच्या. नांगर टाकायचा नाही. किनाऱ्याला टेकायचं नाही. दुसऱ्या होडीला आपली होडी लावायची नाही. एवढं पाळलं की कोणाला काही कळवायला नको. वाहत यायचं, वाहत जायचं. यातलं एक जरी मोडायचं असेल, तर आधी पलीकडच्या अधिकाऱ्यांना फोन करून नाव-गाव सांगावं लागतं.

आणि तो फोन आमच्या घरातून कोणी करत नाही.

म्हणून इंजिन बंद पडलं तरी नांगर होडीच्या टोकाशी तसाच पडून राहिला, आणि मी भुरभुर पावसात, आडव्या झालेल्या होडीसकट, हेरॉन बेटाच्या खडकांकडे वाहत निघाले.

तेवढ्यात बेटाच्या आडून एक हिरवी होडी आली. एक जण ती उभा राहून चालवत होता. उघडं डोकं, ओले केस कपाळाला चिकटलेले, हाताला कोपरापर्यंत काळं तेल. दोन वल्ह्यांच्या अंतरावर त्यानं इंजिनाचा आवाज उतरवला.

"अहो, मदत हवी का?"

"नको."

"पुढे खडक आहेत."

"दिसतायत."

"मग?"

"मग तुम्ही लांब राहा. माझ्या होडीला हात लावलात तर मला फोन करावा लागेल."

तो हसला. आधी डोळे हसले, मग ओठ... घाई नसल्यासारखा. "संकटात असलं तर चालतं. आमच्या कायद्यातच आहे तसं."

"मी संकटात नाहीये."

होडीनं नेमकी तेव्हाच एक गिरकी घेतली. मी वल्ह्याला धरून कशीबशी बसले.

"बरं," तो म्हणाला. "संकट आलं की हाक मारा. मी आहे इथेच."

मी वल्हवायला लागले. वारा समोरून, पाऊस तोंडावर, आणि पाण्याचा हट्ट माझ्याहून मोठा. लहानपणी वल्ह्यावर म्हणायचं एक गाणं आहे आमच्याकडे; ते दातांत धरून म्हणत होते...

*एक वल्हं माझ्या सखे, एक वल्हं वाऱ्याचं,*
*तीर नाही दिसला तरी, पाणी माझ्या घरचं...*

थोड्या वेळानं लक्षात आलं, वल्हं हलकं झालंय. मान वर केली. त्यानं आपली होडी माझ्या आणि वाऱ्याच्या मध्ये आणली होती. दोन वल्ह्यांचं अंतर तेवढंच. पण त्याच्या होडीच्या आडोशाला पाणी निवांत झालं होतं.

"तुम्ही वारा अडवताय."

"वारा अडवायला परवाना लागतो का तुमच्याकडे?"

हसू आलं ते पावसाच्या नावावर खपवलं, चेहरा पुसला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "रागावू नका. टाकीची नळी बघितलीत का?"

बघितली. लाल टाकीपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी सुटून माझ्याच बुटाजवळ पडली होती. मीच पाय मारून काढली असणार. जन्मभर लोकांना मासेमारीला नेणारी, वाटाडी म्हणून पोट भरणारी मी... कान इतके तापले की पावसाची वाफ व्हावी. नळी लावली. इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं.

"हे कोणाला सांगायचं नाही," मी म्हटलं.

"कोणाचं सांगू? मला नावही माहीत नाही."

"सिग्नी."

"मी ऑरेस्ट," तो म्हणाला. "आता सांगता येईल."

*

गुरुवारी मला सुट्टी असते. पुढच्या गुरुवारी मी पुन्हा त्याच पाण्यात होते. परवाना खिशात, गळ पाण्यात, नांगर होडीत. मासे तिथे चांगले लागतात, असं मी स्वतःला सांगितलं. वॉलाय मासा तिथे खरंच चांगला लागतो.

हिरवी होडी आली. थोडं अंतर राखून तिनंही इंजिन बंद केलं आणि माझ्याबरोबर वाहायला लागली.

"आज नळी?"

"आज तोंड सांभाळ."

बोलता बोलता 'अहो' कधी गळून पडलं ते कळलंही नाही.

तो त्या बेटावर मावशीच्या इंधनाच्या धक्क्यावर इंजिनं दुरुस्त करायचा. आजोबा युक्रेनमधून आलेले, म्हणून नाव ऑरेस्ट; बाकी जन्म सगळा या पाण्यावरचा. त्याच्याकडे कॉफीचा थर्मास असायचा. झाकण उघडलं की वास सरळ माझ्या होडीत.

"हवी?"

"देणार कशी?"

"फेकतो."

"ती आयात झाली."

"मग मी पितो, तू बघ."

आणि प्यायचाही असा, की प्रत्येक घोटाला डोळे मिटून उसासा. मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. पाठीला त्याचं हसू लागायचं, उन्हासारखं.

आमची भेट किती लांबणार हे वारा ठरवायचा. मंद वारा असला की होडी रमतगमत जायची, त्याच्या बेटापासून रेघेपर्यंत, आणि तेवढ्यात बेडकांपासून बापांपर्यंत सगळं बोलून व्हायचं. वारा जोराचा असला की वाक्य अर्धंच राहायचं. रेघ आली की तो थांबायचा, त्याच्या बाजूला. मी पुढे जायचे, माझ्या. मग इंजिन सुरू करून मी पुन्हा वर यायचे, उरलेलं वाक्य ऐकायला.

"तुमच्याकडचे मासे लठ्ठ असतात," मी म्हणायचे.

"तुमच्याकडचे पळून आलेत इकडे. इकडे त्यांना कोणी गोष्टी सांगून पिडत नाही."

हा टोमणा बाबांना होता. बाबांची गोष्ट सरोवराच्या दोन्ही काठांना पाठ होती.

माझे बाबा, हॅल्वर टोरविक. मी शाळेत असताना ते एकदा वादळात सापडले आणि हेरॉन बेटाच्या धक्क्याला होडी बांधून राहिले. सकाळी रीतसर फोन केला. अधिकारी आला, आणि त्यानं होडीतली एकूण एक खोकी धक्क्यावर उघडायला लावली. बाबांची लांब लोकरी अंतर्वस्त्रं एकेक करून झटकली, उजेडात धरली. धक्क्यावर जमलेली माणसं हसली. बाबांनी तिथेच शपथ घेतली: पुन्हा त्या लोकांना फोन करणार नाही, त्यांच्या जमिनीला पाय लावणार नाही, आणि त्या धक्क्यावरचं कोणी माझ्या धक्क्यावर चढणार नाही.

आमच्या अँगलमधून बाहेर जाणारा एकुलता एक रस्ता कॅनडातून जातो. बाबा त्या रस्त्यानं गेलेच नाहीत. उन्हाळ्यात होडीनं, थंडीत गोठलेल्या सरोवरावरून, सगळं आमच्याच पाण्यातून. बर्फ धड धरत नाही आणि धड वितळत नाही अशा दिवसांत दाढ दुखायला लागली, तर गालाला फडकं बांधून घरात बसायचे, पण फोन करायचे नाहीत. आमच्या लॉजवर मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांना दर शनिवारी तळलेल्या माशांबरोबर ही गोष्ट मिळायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे. ती गोष्ट म्हणजे आमच्या घराचा देव्हारा होता. मी त्याच्यासमोर लहानाची मोठी झाले.

"तू होतास का रे त्या धक्क्यावर?" मी एकदा विचारलंच.

"होतो. शाळेत होतो मी. मी नाही हसलो."

मी बघत राहिले.

"थोडा हसलो," तो म्हणाला.

एका गुरुवारी पाणी अगदी स्थिर होतं. कुठूनशी, लांबून गेलेल्या मोठ्या होडीची लाट आली, उशिरानं, गुपचूप. तिनं आम्हा दोघांना उचललं आणि एकमेकांकडे ढकललं. दोघांनीही हात पुढे केले, होड्या अडवायला... त्याचा तळवा माझ्या तळव्यासमोर. मध्ये वाराही मावला नसता. त्याच्या बोटांच्या रेघांत मुरलेलं तेल मला दिसत होतं. त्याचा श्वास थांबलेला मला ऐकू येत होता.

लाट खाली बसली. होड्या लांब झाल्या. आम्ही हात मागे घेतले, पण माझा तळवा घरी जाईपर्यंत गरम होता. रात्री मी तो उशीखाली ठेवून झोपले.

*

बर्चची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा तो कॉफी न उघडता बसला होता.

"सिग्नी, सरोवर गोठलं की वाहता येणार नाही."

"माहीत आहे."

"थंडीत मी थंडर बे बंदरात जातोय. जहाजांच्या इंजिनांचं काम मिळतंय. वसंतात परत येईन की नाही... इथे परत यायला काही कारण असलं तर येईन." तो पाण्याकडे बघत होता. "जायच्या आधी एकदा उतर ना इकडे. एकदाच. मला तुझ्याशी हात न आखडता बोलायचंय."

"तूच ये."

"उद्या येतो. फोन करतो, कागद दाखवतो, तुझ्या बाबांच्या धक्क्यावर उभा राहतो."

"वल्ह्यानं ढकलतील तुला पाण्यात."

"मग तू ये. मोबाइलवरून कर फोन, दोन मिनिटांचं काम. कोणाला कळणारही नाही."

का कोण जाणे, त्याच वाक्यानं माझं डोकं फिरलं.

"चोरून नियम पाळू मी? ऑरेस्ट, लोक चोरून नियम मोडतात. पाळायचाय तर तो चारचौघांत पाळेन."

"मग पाळ," तो म्हणाला. आवाज एकदम हळू झाला होता. "मी शनिवारी दिवसभर धक्क्यावर आहे."

रेघ आली. तो थांबला. मी पुढे वाहत गेले... त्या दिवशी मी पुन्हा वर गेले नाही. उरलेलं वाक्य माझ्याकडे होतं.

*

आमच्या गावात कोपऱ्यावर व्हर्नाकाकूंचं दुकान आहे आणि दुकानाशेजारी फोनचं खोकं; आतलं बटण दाबलं की थेट पलीकडच्या अधिकाऱ्यांना लागतं. कोणी पलीकडे जायला निघालं की तिथूनच कळवतं. खोक्याचं दार लागत नाही, आणि आतला आवाज इतका मोठा येतो की कोण कुठे चाललंय, किती दिवस, बरोबर किती बाटल्या, सगळं दुकानात पाव घेता घेता कळतं.

शनिवारी सकाळी मी खोक्यात शिरले तेव्हा बाबा दुकानातून खिळ्यांची पिशवी घेऊन बाहेर पडत होते. दारात व्हर्नाकाकू, मागे आणखी तीनचार जण.

"सिग्नी," बाबा म्हणाले. "काय करतेस?"

"फोन."

"कोणाला?"

मी पलीकडे मान केली. बाबांच्या हातातली पिशवी हलायची थांबली.

"बाहेर ये."

"नाही, बाबा."

"या घरातून तो फोन जात नाही."

"तुमच्याकडून जात नाही. शपथ तुमची आहे. मी घेतली नव्हती. मी तेव्हा पाढे म्हणत होते."

कोणीतरी खोकलं. बाबा दोन पावलं पुढे आले. आवाज चढवला नाही त्यांनी. ते कधीच चढवत नाहीत, तेच वाईट.

"ते बटण दाबलंस तर माझ्या धक्क्याला होडी लावायची नाही."

माझा सगळा जन्म त्या धक्क्याला बांधलेला होता. माझं काम, माझी होडी, माझी खोली, शनिवारचे तळलेले मासे, बाबांच्या हातचा काळा चहा. मी एकदा त्यांच्याकडे बघितलं, नीट, आठवणीत ठेवण्यासारखं. आणि बटण दाबलं.

पलीकडून एक कंटाळलेला बाईमाणसाचा आवाज आला.

"नाव?"

"सिग्नी टोरविक."

"कुठे उतरणार?"

"हेरॉन बेट. इंधनाचा धक्का."

मागे बाबांचा श्वास ऐकू आला.

"सोबत कोणी?"

"एकटी."

"दारू, तंबाखू, हत्यार?"

"मासे सोलायची सुरी."

"भेटीचं कारण?"

"मासेमारी."

"फक्त मासेमारी?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. परवाना होता, गळ होडीत होता. पण रीतसर जायचं तर रीतसर... खोट्यावर कसली उतरतेस, सिग्नी?

"नाही," मी म्हटलं. "गळाला आज आमिषही लावलेलं नाही मी. तिथे एक माणूस आहे, इंजिनं दुरुस्त करतो. सबंध उन्हाळा आम्ही दोन वल्ह्यांच्या अंतरावरून बोललोय. माझं प्रेम आहे त्याच्यावर. हे त्यालाही अजून सांगितलेलं नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून."

पलीकडून टकटक, टकटक, काहीतरी लिहून घेतल्याची.

"वैयक्तिक भेट," बाई म्हणाल्या. "किती दिवस?"

"ते त्याच्यावर आहे."

"मला आकडा लागतो."

"दोन?"

"सात सांग गं," व्हर्नाकाकू दारातून म्हणाल्या. "हवेचा काही भरवसा नाही."

"सात," मी म्हटलं.

"ठीक आहे. जा तुम्ही." आणि फोन ठेवता ठेवता तो कंटाळलेला आवाज जरासा सैल झाला. "सांगा त्याला."

मी वळले तेव्हा बाबा निघून गेले होते. रस्त्यावर एक खिळा पडला होता, पिशवीतून सांडलेला. मी तो उचलून व्हर्नाकाकूंच्या हातात दिला आणि धक्क्याकडे गेले. होडी सोडली.

*

त्या दिवशी मी वाहत गेले नाही. इंजिन पूर्ण वेगात सोडलं, नाक सरळ बेटाकडे. रेघ आली. त्या जागी मी आजवर कितीदा थांबले होते, वळले होते, वाक्य अर्धं सोडलं होतं. या वेळी ती होडीखालून कधी गेली कळलंही नाही. पाणी तेच, उन्हाचे तुकडे तेच, एक पाणकोंबडी फक्त बाजूला झाली.

ऑरेस्ट धक्क्यावर कोणाच्या तरी इंजिनात डोकं घालून उभा होता. आवाज ऐकून वर बघितलं. मी वेग कमी केला नाही तेव्हा सरळ उभा राहिला. होडी त्याच्या धक्क्याच्या लाकडाला लागली, ठक्क. मला वाटलं सगळ्या जगाला ऐकू गेलं असेल.

"फोन?" त्यानं विचारलं. तोंडातून एवढंच निघालं.

"केला. कोपऱ्यावरून. सगळ्यांसमोर."

"बाबा?"

"तेही होते."

त्यानं डोळे मिटले, उघडले. दोन्ही हात वर धरले, लहान मुलासारखे. "हात काळे आहेत माझे."

"असू देत."

मी उडी मारली. फळ्या ओल्या होत्या, पाय सटकला, आणि त्याला हात आखडायला वेळच मिळाला नाही. माझ्या पिवळ्या जाकिटाच्या पाठीवर त्याच्या दहा बोटांचे ठसे उमटले. ते जाकीट मी अजून धुतलेलं नाही.

"एक सांगायचं होतं," मी त्याच्या खांद्यात म्हटलं. "तुमच्या अधिकारीणबाईंना आधीच सांगितलंय. तू दुसरा."

सांगितलं.

मी मान वर करून बघितलं. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

"वारा नाहीये आज," मी म्हटलं. "वाक्य पूर्ण कर, घाई नाही."

"थंडर बे," तो म्हणाला, "तुझ्याएवढं छान नाही. मी नाही जात." मग जरा थांबून, "म्हणजे... माझंही. खूप आधीपासून. तू नळी लाथेनं उडवलीस तेव्हापासून."

खिडकीतून मावशी म्हणाल्या, "आत या आता, सूप निवतंय. मघापासून दोन वाट्या मांडल्यात मी."

*

संध्याकाळी वारा खरंच फिरला. आकाश शिशासारखं झालं, पाइन वाकायला लागले. मावशींच्या स्वयंपाकघरात, चुलीवरच्या फळीवर, होड्यांचा रेडिओ खरखरत होता. तो सगळ्या सरोवराचा. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. दोन्ही बाजूंचे.

"हॅल्वर बोलतोय."

माझा चमचा हवेत राहिला. बाबा वर्षानुवर्षं संध्याकाळची हवा सांगतात, पण आज सांगतील असं मला वाटलं नव्हतं.

"वारा वायव्येचा, वाढणार. बर्चच्या टोकाशी लाटा उंच. ज्यांच्या होड्या पलीकडे आहेत, त्यांनी आज परत निघू नये."

पलीकडे होडी एकाच माणसाची होती.

मी उठले. ऑरेस्टनं काही न बोलता रेडिओचा माइक माझ्या हातात दिला.

"ऐकलं, बाबा. उद्या निघू."

खरखर... मग, "निघू म्हणजे किती जण?"

"दोघं. होडी कुठे लावू ते सांगा. नाहीतर रेघेवर बसून राहू दोघं, वाहत. मला सवय आहे."

सगळं सरोवर ऐकत होतं, मला ठाऊक होतं. मावशींनी चुलीतला जाळ कमी केला, जणू त्याचाही आवाज नको.

"त्याला म्हणावं, फोन करून ये," बाबा म्हणाले. "इकडे सगळं रीतसर चालतं."

"आम्ही रीतसरच येतो. हवा सांगा आता, लोकांना ऐकायचीय."

"राहू दे गं हवा," मध्येच व्हर्नाकाकूंचा आवाज घुसला. "बोलू दे त्याला."

आणि बाबांनी पुन्हा माइकचं बटण दाबलं. आता कोणालाच काही बोलता येत नव्हतं. ते दाबून धरलेलं असेपर्यंत सगळ्या सरोवराला फक्त माझ्या बापाचा श्वास ऐकू येत होता, जड, हट्टी, इकडून तिकडे जाणारा. ऑरेस्टनं माझा हात धरला. मी वाट बघत राहिले.

"सकाळी खातो काय तो?" बाबांनी विचारलं, आणि बटण सोडलं.